निरोगी मुलाचे हात

सर, काल तुमच्या घरी गेले होते. काकूंनी फोन करून बोलावलं होतं. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधला फ्लॅट विकलाय, आता त्या नाशिकला लेकीकडे राहायला जाणार आहेत, आणि तुमच्या पुस्तकांतलं काही हवं असेल तर आधी येऊन घेऊन जा, म्हणाल्या. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमचं कपाट त्यांनी आवरलं नव्हतं. मी गेले, चहा प्यायले आणि एकही पुस्तक न घेता परत आले. काकूंच्या तोंडून अगदी सहज एक वाक्य निघून गेलं, त्यामुळे. ते मी सांगणारच आहे, पण आधी बाकीचं सांगायला हवं. नुसतं ते वाक्य ऐकलं तर कोणालाच त्यात काही वावगं वाटणार नाही. मला जे वाटलं ते समजायला तुम्ही माझे कोण होतात हे ठाऊक हवं, आणि ते तुम्हाला तरी कधी ठाऊक होतं का, याची आता मला खात्री वाटत नाही.

मी आठवीत होते. परळची खोली विकून आम्ही सिल्व्हर पार्कमध्ये राहायला आलो होतो. तेव्हा मीरा रोड म्हणजे अर्धवट बांधलेल्या इमारती, टँकरचं पाणी आणि पलीकडे मिठागरं. त्या वर्षी मला कावीळ झाली आणि आई मला भाईंदरला एका माणसाकडे घेऊन गेली. तो कावीळ उतरवायचा. त्याने माझ्या तळहातांना कसलंतरी तपकिरी पाणी चोळलं, खाली स्टीलचं ताट ठेवलं आणि वरून पांढरट पाणी ओतलं. ताटात पिवळंधमक पाणी जमा झालं. आईने हात जोडले. शाळेत परत आल्यावर मी हे सगळं वर्गात अगदी ऐटीत सांगत होते आणि तुम्ही फळ्याकडे तोंड करून लिहीत होतात. तुम्ही वळलात. मला वाटलं, आता ओरडा बसणार. तुम्ही खडू ठेवलात, माझ्या बाकाशी आलात आणि म्हणालात, "मला नीट सांग. आधी काय लावलं? त्याचा वास कसा होता? मग काय ओतलं?" मी सांगत गेले आणि तुम्ही एखाद्या मोठ्या माणसाचं ऐकावं तसं ऐकत राहिलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन बाटल्या घेऊन वर्गात येता. एकीत आंब्याच्या झाडाची साल भिजवलेलं पाणी, दुसरीत चुन्याची निवळी. शाळेच्या कबड्डीच्या संघातला सगळ्यांत धट्टाकट्टा मुलगा तुम्ही पुढे बोलावता. त्याच्या हातांना सालीचं पाणी चोळता, वरून निवळी ओतता, आणि ताटात तेच पिवळंधमक पाणी. अख्खा वर्ग उभा राहतो. "याला कावीळ आहे का?" तुम्ही विचारता. "नाही सर!" "मग हे काय उतरलं?" मला रडू येतं, कारण मला वाटतं आता सगळे मला हसणार. तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "ही खोटं बोललेली नाही. तिला जे दिसलं ते तिने सांगितलं. पण ज्याला कावीळ नाही त्याचेही हात धुऊन बघायला हवेत, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. निरोगी मुलाचे हात धुतल्याशिवाय काहीही मानायचं नाही." मी विचारलं, मग मी बरी कशी झाले? तुम्ही म्हणालात, "बरेचदा कावीळ विश्रांतीनं आपोआप उतरते. ज्यांची उतरते ते त्या माणसाचं नाव गावभर सांगतात. ज्यांची उतरत नाही, ते सांगायला परत येत नाहीत."

त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात. स्वयंपाकघरात स्टुलावर बसलात. आई ओशाळून गॅसशी उभी होती. तुम्ही तिला म्हणालात, "पोरीसाठी तुम्ही धावलात, त्यात चूक काहीच नाही. फक्त पुढच्या वेळी आधी रक्त तपासून घ्या." आईने तुम्हाला चहा आणि खोबऱ्याची वडी दिली. तुम्ही गेल्यावर ती म्हणाली, "एवढा शिकलेला माणूस, पण मोठेपणा नाय हो." त्या दिवसापासून आमच्या घरात तुमचा शब्द शेवटचा झाला. मी कॉमर्स घ्यायचं की सायन्स, वडील गेल्यावर त्यांचे दिवस करायचे की नाही, दाराला जाळी बसवायची की नाही, सगळ्याला आईचं एकच, "सरांना विचार." मला त्याचा फार अभिमान वाटायचा. आई पुरावा मागायला शिकलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं नाही. तिने फक्त माणूस बदलला होता. आधी भाईंदरचा तो माणूस, आता तुम्ही.

तुमचा ओरडाही आठवतो. दहावीच्या सहामाहीत मी लिहिलं होतं की ओझोनच्या थराला भोक पडलंय म्हणून पृथ्वी तापतेय. पेपरच्या पुरवणीत वाचलेलं. तुम्ही शून्य दिलंत आणि वर्गासमोर उभं केलंत. "ओझोनचा थर विरळ होतोय, हे खरं. पृथ्वी तापतेय, हेही खरं. पण ती तापतेय कोळसा आणि तेल जाळून हवेत जो वायू साठतोय त्याच्यामुळे. दोन खऱ्या गोष्टी चुकीच्या दोऱ्यानं बांधल्यास तू. साधं खोटं कोणीही पकडतं. हे असलं खोटं पकडायला आयुष्य जातं." मला तो अपमान कितीतरी दिवस पुरला, पण आज कबूल करते की माझं सगळं शिक्षण त्या चार वाक्यांत होतं. शाळेच्या व्हरांड्यात तुम्ही लाकडी पट्टीवर तापमापक लावला होता. रोज एकाने वाचायचं आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं. कोणी म्हणालं, आज काय उकडतंय सर, की तुमचं उत्तर ठरलेलं, "उकडतंय हे तुझं मत. पारा काय म्हणतो?" एका जानेवारीत चांगली थंडी पडली तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, पृथ्वी तापतेय तर मग हे काय? तुम्ही म्हणालात, "आई एक दिवस चिडली म्हणून ती चिडकी ठरते का? स्वभाव कळायला वर्षानुवर्षं घरात राहावं लागतं. हवामानाचंही तेच." आम्ही हसलो. पण ते डोक्यात बसलं ते बसलंच.

मी औषधनिर्माणशास्त्राला गेले ती तुमच्यामुळे. प्रवेश मिळाल्याचं सांगायला पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही तो व्हरांड्यातला तापमापक माझ्या हातात ठेवलात. शाळेने नवा आणला होता, जुना टाकून देणार होते. "पारा खोटं बोलत नाही," तुम्ही म्हणालात. "त्याला कोणाला खूश करायचं नसतं." आज हे लिहिताना हात थांबतो, सर.

पुढे मला बोरिवलीच्या एका हॉस्पिटलच्या औषधविभागात नोकरी लागली. तुम्ही निवृत्त झालात. सकाळी बागेत फिरायला जायचात, तिथे पाचसात जण तुमच्याभोवती जमू लागले. मग तुमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दर रविवारी तुम्ही आरोग्यावर बोलायला लागलात. आई न चुकता जायची. सुरुवातीला मीही यायचे. मीठ कमी करा, रोज चाला, पापड-लोणचं आठवड्यातून एकदाच. सगळं खरं आणि चांगलं. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन पापड भाजायचे. हॉल अर्धा रिकामाच असायचा. मग लोकांच्या हातात मोबाईल आले, तुमचा ग्रुप झाला, आणि हळूहळू तुमचं बोलणं बदललं. तांब्याच्या भांड्यातलं पाणी, उपाशीपोटी दुधीचा रस, कोमट लिंबूपाण्याने वितळणारी चरबी. प्रत्येक मेसेजची सुरुवात एकच, 'मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं आहे, म्हणून जबाबदारीने सांगतो.' नंतर ते रक्तदाबाचं सुरू झालं. वय वाढलं की रक्तदाब वाढणं नैसर्गिकच आहे, आकडे कंपन्यांनी मुद्दाम खाली आणलेत, एकदा गोळी धरली की शरीर स्वतःचं काम विसरतं. आता हॉलमध्ये खुर्च्या कमी पडायला लागल्या होत्या. माझ्या शेजारी बसलेली एक गुजराती बाई मला म्हणाली, "सर बोलतात ते बरोबरच असणार ने. सायन्सवाळा माणूस आहे."

तुम्ही काय करत होतात ते मला कळत होतं. मीठ कमी केल्याने रक्तदाब थोडा उतरतो, हे खरं. औषधकंपन्या नफ्यासाठी चालतात, हेही खरं. आणि मध्ये तुमचा दोरा. पण मी स्वतःला समजावत राहिले की माझंच काहीतरी ऐकण्यात चुकतंय.

मग टॉवरचा रविवार आला. तुमच्या शेजारच्या इमारतीवर मोबाईलचा टॉवर बसला होता आणि त्या उन्हाळ्यात मीरा रोड खरोखरच भाजून निघत होतं. ग्रुपवर तुम्ही लिहिलंत की हा उन्हाळा टॉवरमुळे आहे, लहरींनी हवा तापते. पृथ्वी तापतेय वगैरे आपल्याला गप्प बसवायला परदेशातून सोडलेल्या गोष्टी आहेत. मी वाचलं आणि माझा विश्वास बसेना. कोणीतरी पाठवलेलं तुम्ही नुसतं पुढे ढकललं असेल म्हणून पुन्हा वाचलं. भाषा तुमचीच होती. म्हणून मी तुम्ही शिकवलं तेच केलं. वॉचमनला विनंती करून आठवडाभर संध्याकाळी त्या इमारतीच्या गच्चीवर सावलीत तुमचाच तापमापक धरून उभी राहिले, आणि लगेच जाऊन टॉवर नसलेल्या आमच्या गच्चीवरही तसंच बघितलं. पाऱ्यात म्हणण्यासारखा काहीच फरक नव्हता. रविवारी हॉलमध्ये मी उठून उभी राहिले. सगळ्यांसमोर तुम्हाला प्रश्न विचारत होते, पण मनात कुठेतरी वाटत होतं की तुम्ही खूश व्हाल. निरोगी मुलाचे हात कोणीतरी धुतले होते, सर.

"सर, मी दोन्ही गच्च्यांवर मोजून बघितलं," मी म्हणाले. "पारा सारखाच आहे."

तुम्ही हसलात. रागाने हसला असतात तर चाललं असतं. तुम्ही प्रेमाने हसलात आणि समोरच्या लोकांकडे बघून म्हणालात, "माझी विद्यार्थिनी आहे. हुशार आहे. पण बेटा, प्रत्येक गोष्ट काचेच्या नळीत मावत नाही."

हॉल हसला. मग टाळ्या वाजल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "सर ने बोला है तो सोच के ही बोला होगा." पहिल्या रांगेत आई बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती. माझ्याकडे वळून तिने डोळ्यांनीच दटावलं, बस खाली. मी बसले. लोकांना टॉवर का हवा होता ते मला समजत होतं. मिठागरं बुजली, झाडं गेली, सगळीकडे काँक्रीट झालं आणि त्याच्यावर अख्ख्या जगाचा ताप चढत चाललाय, हे ऐकून घरी जाऊन माणूस करणार काय? टॉवर समोर दिसतो. त्याच्यावर सह्या गोळा करता येतात. तुम्ही त्यांना राग काढायला जागा दिलीत, आणि त्यांनी तुम्हाला भरलेला हॉल दिला. पण ते सगळं मी नंतर मांडलं. त्या क्षणी मला फक्त तुमचं ते हसणं दिसत होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला आईच्या उशाशी तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली. मीच हॉस्पिटलमधून आणून दिलेली. "आई, या का नाही घेतल्यास?"

"सोडल्या," ती म्हणाली. कोथिंबीर निवडत होती, मान वर केली नाही. "सर म्हणतात, शरीराला सवय लागते. मी सकाळी दुधीचा रस घेतंय. मला नाय काय होत."

"रक्तदाब दुखत नाही गं आई. वाढला तरी कळत नाही, म्हणून तर मोजायचा असतो."

"मग सर काय खोटं सांगतील? तुझ्या काविळीच्या वेळी तूच म्हणालेलीस ना, सरांनी दाखवलं ते खरं?"

मी मशीन आणून तिच्या दंडाला बांधलं. आकडा फारच वर होता. तो बघून ती म्हणाली, "तुमच्या कंपन्यांनीच ठरवलेला ना तो." शब्दसुद्धा तुमचेच होते, सर. मी तशीच उठून तुमच्याकडे आले. तुम्ही पेपर वाचत होतात. मी म्हणाले, सर, आई फक्त तुमचं ऐकते, तिला एकदा सांगा, गोळ्या सुरू कर म्हणून. बाकी मी काही मागत नाही. तुम्ही पेपर घडी करून ठेवलात. "मी कोणालाही गोळी सोडा म्हणत नाही. विचार करा, एवढंच म्हणतो. प्रौढ माणसं आहेत ती." मी म्हणाले, "सर, ती विचार करत नाही, ती तुमच्यावर विश्वास ठेवते." त्यावर तुम्ही चष्मा काढलात, पुसलात आणि म्हणालात, "तू आता कंपन्यांची भाषा बोलायला लागलीस. मला वाईट वाटतं." काकू चहा घेऊन आल्या तोवर मी चपला घालत होते.

आईला झटका आला तो सकाळी. ती ओट्याशी कोळंबी सोलत होती. मी डबा भरत होते. तिच्या हातातलं ताट खाली पडलं, मी म्हटलं, काय गं, आणि ती माझ्याकडे बघत काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होती. तोंड एका बाजूला ओढलं होतं आणि आवाज येत होता, पण त्यात शब्द नव्हते. हॉस्पिटलमध्ये आमच्याच डॉक्टरांनी मला विचारलं, गोळ्या चालू होत्या ना? मी औषधविभागात काम करते, सर. रोज शेकडो लोकांना समजावते, बरं वाटलं तरी गोळी बंद करायची नाही. मला त्यांना नाही म्हणून सांगावं लागलं. आई वाचली. उजवा हात आणि बोलणं गेलं ते परत आलं नाही. गोळ्या चालू असत्या तर झटका आलाच नसता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एका माणसाबद्दल असं कोणीच म्हणू शकत नाही, हेही तुम्हीच शिकवलंय. धोका खूप कमी झाला असता, एवढं मात्र नक्की माहीत आहे. आणि तो कमी करायचा एवढा साधा उपाय तिच्या उशाशी पडून होता.

तुम्ही भेटायला आलात. शहाळं आणलं होतंत. पलंगाशेजारी उभे राहिलात, तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि मला म्हणालात, "वय झालं की शरीर काही ना काही दाखवतंच." आई तुमच्याकडे बघून डाव्या बाजूने हसली. तिला किती बरं वाटलं तुम्ही आल्याचं! मी तुम्हाला बसायला खुर्ची दिली.

दोनेक वर्षांनी तुम्ही गेलात, न्यूमोनियाने. त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली. मी आले होते. एकेक जण उठून बोलत होता आणि जवळजवळ प्रत्येकजण सांगत होता की सरांनी सत्तरी ओलांडली ती एकही गोळी न घेता, जे सांगितलं ते जगून दाखवलं. मी खाली बघत ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर त्या वाक्याने मला मोठा आधार दिला. मी मनाशी म्हटलं, सर फसले. म्हातारपणी माणूस फसतो, टाळ्यांनी फसतो, पण त्यांनी दुसऱ्याच्या जिवावर खेळ केला नाही, स्वतःचा जीवही त्याच पारड्यात ठेवला होता. त्यांचं नशीब बरं, आईचं नव्हतं. एवढ्यावर मी तुम्हाला माफ केलं होतं. पूर्ण नाही, पण रोज आईला भरवताना तुमची आठवण आली तरी घास हातात थांबणार नाही इतपत. त्या माफीवर मी इतकी वर्षं काढली.

आणि काल. काकू स्वयंपाकघरात डबे रिकामे करत होत्या. मध्येच थांबून त्यांनी फ्रिजवरची गोळी घेतली, पाणी प्यायल्या आणि हसत म्हणाल्या, "माझं हे असं, आठवेल तेव्हा. यांचं बघ, सकाळी चहाच्या आधी गोळी म्हणजे गोळी. एक दिवस चुकवली नाही कधी."

मी विचारलं, "कसली गोळी, काकू?"

"प्रेशरची गं. तुम्ही सगळी शाळेत होतात तेव्हापासूनची."

"पण सर तर गोळ्या सोडायला..."

"अगं, ते लोकांसाठी." त्या डबा पुसत होत्या. "मी एकदा विचारलंही होतं, तुम्ही असं बोलता आणि स्वतः घेता, ते कसं? तर म्हणाले, माझं प्रेशर खरोखरचं आहे. इथल्या मेडिकलमधून आणायचे नाहीत हं, पार नया नगरला जायचे. मी म्हणायचे, एवढ्या लांब कशाला? तर म्हणे, तेवढंच चालणं होतं."

माझं प्रेशर खरोखरचं आहे. सर, मी ते वाक्य कालपासून सगळ्या बाजूंनी उलटंपालटं करून बघतेय. तुमचं खरोखरचं, मग माझ्या आईचं कसलं होतं? तुम्ही फसला नव्हतात. तुम्हाला रोज सकाळी, चहाच्या आधी, माहीत होतं. त्या दिवशी मी तुमच्यासमोर उभी राहून आईसाठी विनवत होते तेव्हा ती गोळी तुमच्या पोटात होती. मला कंपन्यांची भाषा बोलतेस म्हणालात तेव्हाही होती. तुम्ही पुरावा विसरला असतात तर मी म्हटलं असतं, वय. तुम्ही तो स्वतःपुरता जपून ठेवलात आणि आम्हाला टाळ्या मिळवणारं तेवढं दिलंत. भाईंदरच्या त्या माणसाचं मला आता काही वाटत नाही. त्याला कदाचित आपलं पाणी का पिवळं होतं हेही माहीत नसेल. तुम्हाला माहीत होतं.

काकूंनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांचा हात थांबला. "काय झालं गं?" मी त्यांना सांगितलं. आईने गोळ्या सोडल्या होत्या, आणि का सोडल्या होत्या. त्या जवळच्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं लोक ऐकतात आणि विसरतात. खरंच कोणी करत असेल असं वाटलं नाही गं कधी." त्या रडायला लागल्या. मी त्यांना पाणी दिलं. त्यांच्यावर राग धरावा असं काही माझ्याजवळ उरलंच नव्हतं. निघताना त्या म्हणाल्या, पुस्तकं? मी म्हटलं, नको काकू.

रस्ताभर ठरवत आले की आईला सांगायचं. तिला सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही. हात तिचा गेला, वाचा तिची गेली, खरं कळायचा पहिला हक्क तिचा. घरात शिरले तेव्हा ती गॅलरीत खुर्चीवर बसली होती. मला बघून तिने डाव्या हाताने खूण केली, काय म्हणाल्या काकू? तुमच्या घराचा विषय निघाला की अजूनही तिचा चेहरा बदलतो, सर. मी तिच्याजवळ बसले. ती वाट बघत होती. आणि मी म्हणाले, "काकू सांगत होत्या, सर शेवटपर्यंत तुझी चौकशी करायचे. म्हणायचे, त्यांना पुन्हा बोलताना ऐकायचंय."

काकू असं काहीही म्हणाल्या नव्हत्या. मी ठरवूनही बोलले नाही. समोरच्या माणसाला काय ऐकायचंय ते दिसलं आणि तोंडातून तेच आलं, जराही न अडखळता. आईचे डोळे भरले. तिने माझा हात धरला आणि किती वेळ सोडला नाही.

हे पत्र मी काकूंना दाखवणार नाही, आईला तर नाहीच. तुमच्यावरचा राग कालच्याइतकाच आहे, तो कमी व्हावा असंही मला वाटत नाही. फक्त एक तुम्हाला सांगून टाकते, दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही म्हणून. आईचा चेहरा तसा उजळला ना, सर, तेव्हा मला फार छान वाटलं.